उत्तरेकडची उशी

आमच्या घरात घोरण्याचं खातं पहिल्यापासून नवऱ्याकडे होतं. धनंजय मगदूम म्हणजे सांगली-मिरज पट्ट्यातला कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. तांबड्या मातीत दोन पैलवान भिडले की याचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तो आवाज झोपेत किती मोकाट सुटत असेल याची कल्पना करा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, "रात्री पाण्याची मोटर लावता का गं?" मी मात्र झोपेत अगदी गप्प. आवाज नाही, चुळबुळ नाही. सासूबाई असेपर्यंत चारचौघांत सांगायच्या, "झोप बघावी तर आमच्या वृषालीची."

त्यामुळे आमच्या डेपोत झोपेच्या तपासणीची सक्ती झाली तेव्हा मी निर्धास्त होते. मी बस चालवते, मिरज ते रत्नागिरी. आता सपाट रस्त्यावर बस आपली आपणच चालते, आम्ही नुसतं बसून बघायचं. पण आंबा घाटात धुकं, दरड, रस्त्यावर ठाण मांडून बसलेली म्हैस, हे सगळं यंत्राच्या डोक्यात अजून नीट शिरत नाही. घाट सुरू होण्याआधी घंटी वाजते, सीट थरथरते, आणि स्टिअरिंग माणसाच्या हातात येतं. खरी गोची तिथेच झाली. पूर्वी चालक दमून झोपायचा, आता रिकामं बसून पेंगायला लागला. तासभर हाताला काम नसलेल्या माणसाच्या हाती अचानक घाट द्यायचा, तर तो माणूस मुळात नीट झोपलेला असायला हवा. म्हणून तपासणी.

झोप लागली की अंगाचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काही जणांचा घसा इतका सैल पडतो की दुधाच्या रिकाम्या ओल्या पिशवीसारखा आतल्या आत चिकटतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, मेंदू घाबरतो, माणसाला क्षणभर जागं करतो. घसा उघडतो, श्वास येतो, पुन्हा झोप. हे रात्रभर चालतं आणि सकाळी त्या माणसाला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आपण छान झोपलो असंच त्याला वाटतं. मग दिवसा पेंग, डोकेदुखी, विसराळूपणा, वाढलेलं ब्लडप्रेशर, आणि एखाद्या दिवशी हृदय किंवा मेंदू संपावर जातो.

पूर्वी या तपासणीसाठी दवाखान्यात झोपायला जावं लागायचं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून वर म्हणायचे, आता निवांत झोपा. आता घुबड आलं होतं. त्याचं खरं नाव कंपनीने काहीतरी संस्कृत ठेवलं होतं, पण सगळे घुबडच म्हणायचे. पोळपाटाएवढी पांढरी तबकडी, पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर लावायची. त्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी निघतात, झोपलेल्याच्या छातीवर आपटून परत येतात, आणि छाती किती वर आली, किती खाली गेली हे त्याला केसाएवढ्या फरकापर्यंत कळतं. अंगाला काही लावायचं नाही. कॅमेरा तर नाहीच, कारण झोपायच्या खोलीत डोळा कोण लावू देणार? एका पलंगावर दोघं असली तरी घुबड दोन श्वास वेगळे धरतं. कुठला श्वास कोणाचा, एवढं फक्त आपण सांगायचं.

ते सांगण्याचं काम एका दुपारी आमच्या घरी झालं. तंत्रज्ञ होती नाझनीन शिकलगार, मिरजेचीच, चाळिशीची, कामाला चोख बाई. तिने पलंगाच्या उशाकडच्या उभ्या फळीच्या वर, दोन उशांच्या बरोबर मधोमध घुबड बसवलं.

"ताई, तुम्ही दादांच्या कुठल्या बाजूला झोपता?"

"डाव्या," मी म्हटलं. "लग्नात भटजींनी बसवलं तिथेच आहे अजून."

"आणि मी उजवीकडे," धनंजय म्हणाला. "पण माझं मोजून काय करता? हिचं मोजा. मला कुठं बस चालवायची हाय?"

"घुबडाला दोघंही दिसतात दादा. फुकटात तुमचंही होऊन जाईल."

तिने टॅबवर दोन नावं दोन बाजूंना टाकली, चहा घेतला आणि गेली. सात रात्री घुबड भिंतीवर बसलं.

निकाल आला तेव्हा मी खात्याच्या दृष्टीने सोनं ठरले. श्वासात एकही खंड नाही, पहिली श्रेणी. शेजारी झोपलेल्या व्यक्तीला मात्र तासाला सरासरी छत्तीस वेळा श्वास थांबण्याचा तीव्र विकार, ताबडतोब उपचार करावेत. कोणाला नवल वाटलं नाही. डेपोतले लोक म्हणाले, मगदूमचं घोरणं अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, त्याला यंत्र कशाला लागतं? मला मात्र धडकी भरली. शेजारी इतकी वर्षं एक माणूस तासाला छत्तीस वेळा गुदमरत होता आणि मी त्याला कोपराने ढोसून "धना, कुशीवर वळ" म्हणत होते. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही आणि भीडही नाही. मी त्याला सरळ सांगितलं, "मास्क लावायचा. नाटकं चालणार नाहीत."

त्याने लावला. नाकावर बसणारा मास्क, त्याला नळी, नळीच्या टोकाला उशाशी छोटं यंत्र. ते हळू दाबाने हवा सोडतं आणि त्या हवेने घसा उघडा राहतो. धनंजयला त्याचा मनापासून तिटकारा होता. सकाळी उठला की त्याचा घसा कोरडा ठणठणीत. महिन्याभरात आवाजाला चिरा पडल्या. जत्रांचा हंगाम तोंडावर आलेला, आणि 'घिस्सा' डाव पुकारताना त्याचा आवाज मध्येच फाटायला लागला. एका गावच्या कमिटीने तर दुसऱ्या निवेदकाला सुपारी दिली. रात्र झाली की मुकाट्याने मास्क लावून पडायचा, कारण मी सांगितलं होतं.

डॉक्टर मात्र खूश होते. यंत्राची नोंद बघून पडद्यावरून म्हणाले, "उत्तम प्रतिसाद. यंत्राला दाब वाढवायची वेळच येत नाही. एकदाही श्वास थांबलेला नाही." आम्हीही खूश झालो. न झालेल्या आजारावर औषध लागू पडणारच, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात यावं?

इकडे मी रोज सकाळी जड डोक्याने उठत होते. काळजीचं जागरण, असं मी स्वतःला सांगत होते. मग एक दिवस मलकापूरच्या पुढे, घाट लागायच्या आधी, माझी बस रस्त्याच्या कडेला थांबून राहिली. मी थांबवली नव्हती. घंटी वाजली, मी स्टिअरिंग घेतलं नाही, म्हणून बस आपणहून बाजूला झाली. मागून कोणी विचारलं, "चहाला थांबवली का ताई?" मी म्हटलं, "टायर बघते," आणि खाली उतरून एका बिचाऱ्या टायरला दोन लाथा घातल्या. माझ्या मते घंटी वाजलीच नव्हती. डेपोत येऊन मी तशी तक्रारही दिली. वर्कशॉपने घंटी तपासली, ठणठणीत निघाली, तरी बदलली. पहिल्या श्रेणीचा चालक घंटी ऐकत नाही, हे कोणाला पटलं असतं? मलाच पटलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्यानेच आगारप्रमुख खोतसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की माझी घाट-प्रशिक्षक म्हणून निवड झाली आहे. नव्या चालकांना आंबा घाट शिकवायचा. आमच्या डेपोत ते काम आजवर एकाही बाईकडे आलं नव्हतं. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. मी घरी पेढे नेले. धनंजयने फाटक्या आवाजात माझं कौतुक केलं, पुकारून, पैलवानाचं करतात तसं. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

शनिवारी दुपारी नाझनीन आली. मास्कमधून हवा गळते का, त्यानेच आवाज बसत असेल का, हे बघायला मी तिला बोलावलं होतं.

"दादा, रात्री झोपता तसे आडवे व्हा. मास्क लावून बघते."

धनंजयने फळीला टेकवलेली आपली उशी उचलली, पलंगाला वळसा घातला, ती पायथ्याशी टाकली आणि तिकडे डोकं करून आडवा झाला. पाय फळीकडे.

नाझनीन बघतच राहिली. "असे का झोपलात?"

"असंच झोपतो."

"उलटे?"

"उलटे कशाने?" धनंजय उठून बसला. "ही भिंत उत्तरेची. उत्तरेला डोकं करून जिवंत माणूस झोपतो का? मेल्यावर ठेवतात तसं."

मी तिला समजावून सांगितलं. खोलीत खिडकी आणि कपाट अशा जागी आहेत की पलंग दुसरा कसा बसतच नाही, त्याची फळी उत्तरेलाच येते. म्हणून सासूबाईंनी शिरस्ता घालून दिला होता. दिवसा उशा फळीशी, आल्यागेल्याला खोली नीट दिसावी म्हणून. रात्री उशा पायथ्याशी, डोकी दक्षिणेला. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी मी उशा फिरवते आणि रोज सकाळी परत ठेवते. हे सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

नाझनीन पलंगाच्या कडेवर बसली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले, डावा आणि उजवा, आणि मग सगळी वळून पाठमोरी झाली. मघाशी खिडकीकडे असलेला डावा हात गेला कपाटाकडे, उजवा आला खिडकीकडे.

"आमच्यात पश्चिमेला पाय करत नाहीत," ती हळूच म्हणाली. "माझ्या आईने त्यासाठी भाड्याचं घर सोडलं होतं. आणि मी तुम्हाला नुसतं डावं-उजवं विचारून गेले."

मला तेव्हाही कळलं नाही. धनंजयला आधी कळलं. मैदानात कोणाचा कुठला हात कुठे आहे हे बघण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे छत्तीस वेळा..." तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आजार नाही, हृदय नाही, मेंदू नाही. सोमवार आला. माझा घाट गेला, एवढंच आलं.

"पण मी घोरत नाही," मी म्हटलं. "आवाजसुद्धा करत नाही मी."

"सगळेच घोरतात असं नाही ताई. बायकांचं बऱ्याचदा गुपचूप चालतं. आणि घोरणाऱ्या प्रत्येकाचा श्वास थांबतोच असंही नाही. पुन्हा तपासल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण दादांचं यंत्र महिनाभर रिकामं बसलंय, त्याचं कारण आता मला दिसतंय."

धनंजय खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "मला ऐकू यायचं."

"काय?"

"तुझं थांबणं. लई वर्षं झाली. मधूनच जाग यायची, तर तुझा श्वास ऐकू यायचा न्हाई. मला वाटायचं, माझ्या घोरण्यानं तू जागी झालीस आणि गप पडून ऐकत बसलीस. मग मी आपला लाजून कुशीवर वळायचो. तू मरायला टेकलेली असायचीस, आणि मी लाजत होतो."

असं म्हणून तो रडला. ज्याच्या आवाजाने पैलवानांना बळ येतं, तो माझा नवरा तोंडावर उशी धरून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नाझनीन सोमवारी दुसरं घुबड आणते म्हणून गेली. ती गेल्यावर धनंजय तोंड धुऊन आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. त्याचा बेत तयार होता.

"ऐक. कागदावर आजारी मी हाय. राहू दे तसंच. नाझनीनला मी सांगतो, दुसरं घुबड नको, माझं बरं चाललंय. मास्क रात्री तू लाव. उपचार तुला, आजार माझ्या नावावर. माझं काय जातंय? निवेदकाला कोण लायसन विचारतंय?"

"तुझी सुपारी गेली की."

"परत येईल. तुझा घाट गेला तर परत यायचा न्हाई."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. बेत वाईट नव्हता. मास्क मला मिळाला असता, घाटही मिळाला असता, फक्त एक कागद चुकीचा राहिला असता, आणि चुकीचे कागद या देशात कमी आहेत का? शिवाय या माणसाने माझा आजार अंगावर घ्यायची तयारी इतक्या सहज दाखवली होती की नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान वाटत होता. मी रविवारभर त्यावर विचार केला. पण विचार कुठूनही सुरू केला तरी मलकापूरच्या पुढच्या त्या कडेला येऊन थांबायचा. घंटी मला खरोखरच ऐकू आली नव्हती. ती घाटाच्या आधी वाजली होती म्हणून बसला आपणहून बाजूला होता आलं. घाटाच्या मध्यावर, स्टिअरिंग माझ्या हातात असताना, माझ्यासाठी कुठली घंटी वाजणार होती? आणि बाजूला नवा चालक शिकायला बसलेला, बाई करते ते बरोबर असं समजणारा.

सोमवारी सकाळी मी खोतसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"मगदूमबाई, पोरं वाट बघताहेत तुमची."

"साहेब, माझी श्रेणी काढून घ्या. तपासणीत बाजू बदलल्या. तो निकाल नवऱ्याचा आहे, माझा नाही."

मी त्यांना उत्तर-दक्षिण सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहे? तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. आधी दुसरी तपासणी तर होऊ द्या. घाई कशाला?"

"घंटी चांगली होती, साहेब," मी म्हटलं. "मीच ऐकली नाही."

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून बस सुरू करायचं कार्ड घेतलं. आपलं कार्ड दुसऱ्याच्या टेबलावर पडलेलं बघणं मला फार जड गेलं. पुढचे महिने मी चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना कोल्हापूरची गाडी कुठे लागते ते सांगितलं.

दुसऱ्या तपासणीत जे व्हायचं ते झालं. या वेळी नाझनीनने आमच्या उशा स्वतः पायथ्याशी ठेवल्या आणि मगच टॅबला हात लावला. मास्क माझ्याकडे आला. पहिल्या दोन रात्री मी त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या सकाळी उठले आणि पलंगावर बसून राहिले. डोकं दुखत नव्हतं. बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं आणि तो आवाज मला स्वच्छ, एकेक फटकाऱ्यासकट ऐकू येत होता. मी चहा केला आणि पहिला घोट घेताना मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं मी ज्याला जाग म्हणत होते ती जाग नव्हतीच. मी आळशी नव्हते, विसराळू नव्हते, वयही झालं नव्हतं. मला फक्त झोप मिळाली नव्हती.

धनंजयचा आवाज पंधरा दिवसांत परत आला. घोरणंही आलं, पूर्ण ताकदीने. मास्क लावून मी त्या मोटरीशेजारी खुशाल झोपायला लागले.

नाझनीन गप्प बसणारी नव्हती. तिने तपासणीच्या अर्जात एक नवा प्रश्न घालायला लावला: झोपताना डोकं कोणत्या दिशेला असतं? कंपनीत आधी सगळे हसले म्हणे. मग जुन्या जोडप्यांना फोन करून तेवढंच विचारलं, आणि हसणं थांबलं. नुसत्या आमच्या विभागात बरीच जोडपी अशी निघाली की फळी उत्तरेला आणि डोकी दक्षिणेला. घरोघरी मास्क एका नाकावरून दुसऱ्या नाकावर गेले. काही नवऱ्यांना राग आला, कारण आजारपणात बायकोकडून लाड करून घ्यायची सवय झाली होती. एक गृहस्थ तर नाझनीनशी भांडले की तुमच्यामुळे मला पुन्हा दळण आणायला जावं लागतं.

हंगाम संपता संपता माझी फेरतपासणी झाली. मास्कसह श्वास एकसारखा, दिवसाची जाग पूर्ण, ब्लडप्रेशर जागेवर. दर महिन्याला मास्कच्या यंत्राची नोंद डेपोत दाखवायची या अटीवर खोतसाहेबांनी मला कार्ड परत दिलं. प्रशिक्षकाची जागा तोवर भरली गेली होती. पुढच्या वेळी बघू म्हणाले. मी म्हटलं, बघा, मी इथेच आहे.

पहिल्या फेरीला धनंजय हट्टाने बरोबर आला. रत्नागिरीला काम काही नव्हतं. माझ्या मागच्या पहिल्याच सीटवर बसला, तुला सोबत म्हणून जागा राहतो म्हणाला, आणि जयसिंगपूर मागे पडायच्या आत असा घोरायला लागला की मागच्या बाकांवरची माणसं माना उंच करून बघू लागली. एक आजोबा मला म्हणाले, "बाई, त्या पाव्हण्यांना उठवा की."

"राहू द्या," मी म्हटलं. "माझेच आहेत."

मलकापूर गेलं. धुकं रस्त्यावर उतरलं होतं. घंटी वाजली, तिच्या पहिल्याच ठोक्याला माझे हात स्टिअरिंगवर होते. बस माझी झाली. घाटाचं पहिलं वळण समोर आलं आणि त्याच वेळी मागचं घोरणं थांबलं. मी आरशात बघितलं. धनंजय डोळे उघडे ठेवून, अंग पुढे घेऊन आरशातून माझ्याकडे बघत होता.

"काय रे?"

"काही न्हाई. तू जागी हायस का बघत होतो."

"जागी आहे," मी म्हटलं, आणि वळण घेतलं.